राणीमागची पंखेवाली

आमच्या स्टुडिओत मला सगळे 'शांतता' म्हणतात. दिवसभर मी तोच एक शब्द ओरडत असतो, मग दोष द्यायचा कुणाला? कॅंटीनवाला सरळ "शांतता, चहा घ्या" म्हणतो, आणि त्यात काही गंमत आहे असं त्याला वाटतही नाही. बायको म्हणते, बाहेर जगाला गप्प करता आणि घरी आलात की तुमचंच तोंड बंद होत नाही. खरं आहे तिचं. दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचं ऐकणाऱ्या माणसाला संध्याकाळी चार शब्द बोलावेसे वाटणारच ना!

माझं काम आवाजाचं. लांब काठीच्या टोकाला माइक बांधलेला असतो, तो बोलणाऱ्याच्या डोक्यावर धरायचा, चित्रात दिसू द्यायचा नाही आणि नको तो आवाज आत येऊ द्यायचा नाही. आमची टीव्हीवरची एका राणीची मालिका तीन वर्षं चालली. भाऊ लढाईत पडतो, गादी बहिणीकडे येते, मग कपटी काका, फितूर सेनापती, किल्ल्याला वेढे, सगळं यथासांग. इतिहासाचं मला विचारू नका. त्या काळात मोटारींचे हॉर्न नव्हते, एवढाच इतिहास माझ्या कामाचा. आमचा राजवाडा म्हणजे पत्र्याच्या छपराची जुनी वखार. खांब प्लायवूडचे, टिचकी मारली तरी बोंबलणारे. छपरावर कबुतरं, भिंतीपलीकडे गॅरेज. राणी म्हणणार, "आमच्या राज्यात कुणी उपाशी झोपणार नाही," आणि पलीकडे तो मेला गॅरेजवाला हातोडा मारणार. माझं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

सिंहासनामागे दोन बायका उभ्या असायच्या. डावीकडची दर महिन्याला बदलायची. उजवीकडची मात्र पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत तीच. पिसांचा भलामोठा पंखा धरून ती राणीला वारा घालायची. नाव होतं तिला, पण सेटवर कोण विचारतो? तिला सगळे 'पंखेवाली' म्हणायचे. चाळिशीची, अंगानं बारीक, आणि चेहऱ्यावर असं काही नाही की ज्याच्यावर नजर अडकावी. मागं उभं राहणाऱ्या माणसाचा तोच गुण म्हणायचा. तिला एकही वाक्य नव्हतं. वाक्य सोडा, 'जी' म्हणायचीसुद्धा सोय नव्हती.

रोज सकाळी ती आधी माझ्याकडे यायची. हात पुढे करायची, मी तिच्या बांगड्यांना आतून चिकटपट्टी लावायचो, म्हणजे त्या एकमेकींवर आपटत नाहीत. गळ्यातल्या माळेला पट्टी, चपलांच्या तळाला जाड लोकरीचा नमदा. पंख्याची दांडी करकरायची, तिलाही मी सुती चिंधी गुंडाळून दिली होती. पायापासून पंख्यापर्यंत मी तिला मुकं करून सोडायचो. बाकीच्या बायका कुरकुरायच्या, ही हसून म्हणायची, "दादा, अजून श्वास राहिलाय. त्यालाही लावा पट्टी."

"लावीन," मी म्हणायचो. "फार बोलशील तर तोंडालाच लावीन."

माझी बोलायची तऱ्हाच ती आहे. तिला माहीत होतं.

एकदा राणीचा साजशृंगार चालला होता, तासभर आम्ही सगळे रिकामे. पंखेवाली माझ्या शेजारी पेटीवर बसली होती. पलीकडे राणी, म्हणजे राणीचं काम करणारी बाई, फोनवर बोलत होती. रोज तिचे वडील फोन करून विचारायचे, आज काय सीन आहे, काय नेसलीस, जेवलीस का.

"दादा," पंखेवाली एकदम म्हणाली, "माझे बाबा एका शब्दानं विचारत नाहीत. तीन वर्षं होत आली. मालिका रोज लावतात, एक दिवस चुकवत नाहीत. पण आज काय केलंस, कुठं उभी होतीस, काही नाही. मी आपणहून सांगायला गेले की म्हणतात, दमली असशील, बस. लाज वाटत असेल का हो त्यांना, लेक पंखा हलवते याची?"

"छे! काहीतरीच काय," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण मला राग आला त्या म्हाताऱ्याचा. मनात म्हटलं, एवढी गुणाची पोर आणि हा शिष्टपणा करतो.

पुढे काही दिवसांनी दिव्याच्या स्टँडमध्ये पाय अडकून ती पडली. पंखा मात्र वरच धरला होता, पिसांना धक्का नाही. घोटा टम्म सुजला. माझ्याकडे स्कूटर, मी तिला घरी सोडायला गेलो. तिसरा मजला, जिना अरुंद. तिला धरून धरून वर नेताना माझीच दमछाक झाली.

वरती दीड खोली. खिडकीखाली बसचा डेपो. खिडकीजवळ खाटेवर तिचे वडील बसले होते, पाठीला उशी, समोर टीव्ही. तेव्हा मला कळलं की त्यांना दिसत नाही. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, साखरेनं आधी डोळे नेले, मग पायातलं बळ. दवाखान्यात न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उतरवायचं. पंखेवालीनं हे मला कधी सांगितलं नव्हतं, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

शेजारीण बसली होती मटार सोलत. रोज मालिकेच्या वेळेला ती यायची आणि पडद्यावर काय चाललंय ते म्हाताऱ्याला सांगायची. आमची मालिका नुकतीच लागली होती. दरबार भरलेला, राणी सिंहासनावर.

"आली बघा भावोजी तुमची लेक," शेजारीण शेंगांवरची नजर न हलवता म्हणाली. "राणीच्या मागं. कशी छान दिसतेय!"

म्हातारा मान कलती करून ऐकत होता. मी पडद्याकडे पाहिलं. पंखेवाली होती, पंखा हलत होता, आणि आवाज कसलाच नाही. बांगडी नाही, पाऊल नाही, करकर नाही. माझी कामगिरी! पहिल्यांदाच तिचा मला अभिमान वाटला नाही.

शेजारणीनं पाय पाहिला, "अगं बाई, हे काय गं!" म्हणत तिला शेकायला आत नेलं. खोलीत मी आणि म्हातारा.

"तुम्ही तिच्याबरोबर काम करता?" त्यांनी विचारलं.

"हो. आवाजाचं काम माझं."

"छान." त्यांनी आवाज खाली आणला. "गेल्या वर्षी राणी रानातून पळाली होती बघा, घोड्यावर, मागे शत्रू. टापा ऐकू येत होत्या मला. मी विचारलं, वहिनी, आमची आहे का यात? तर म्हणाल्या, आहे ना भावोजी, पंखा घेऊन मागंच आहे. आता मला सांगा, जीव मुठीत धरून पळणाऱ्या बाईला वारा घालायला कोण जातं हो?"

मी खो खो हसलो. तेही हसले. मग त्यांचं हसू थांबलं.

"खरं सांगा. ती तिथं असते?"

"असते म्हणजे काय! रोज सकाळी मी स्वतः तिच्या बांगड्यांना पट्टी लावतो, वाजू नयेत म्हणून. तुम्हाला ऐकू येत नाही ते माझ्यामुळे!"

"बरं," ते म्हणाले.

आवाजात जन्म गेला माझा. विश्वास ठेवलेला 'बरं' कसा असतो आणि न ठेवलेला कसा असतो, हे मला कुणी शिकवायला नको.

"तुम्ही भले गृहस्थ आहात," म्हातारा म्हणाला. "तिची सगळीच माणसं भली. शेजारीणही. मागे ती कापडाच्या दुकानात होती. दुकान बंद पडलं, तर मला त्रास नको म्हणून पोर रोज डबा घेऊन निघायची आणि बागेत बसून संध्याकाळी परत यायची. दुकानाचा मालक एकदा सहज भेटायला आला तेव्हा मला समजलं. मी बोललो नाही काही. तिनं आणखी खोटं बोलायचं आणि मी ऐकायचं, कशाला? म्हणून आता विचारतच नाही. दमून येते, त्यात गोष्टी रचायचं काम कुठं द्यायचं तिला? कुणाची धुणीभांडी करत असेल तरी चालेल हो मला. फक्त ती दिवसभर असते कुठं, एवढं कळावंसं वाटतं."

 "चला, तुम्हाला नेतो स्टुडिओत," मी म्हणालो.

"तिची परीक्षा घ्यायला? नको. आणि तिला यातलं अक्षर सांगायचं नाही. माझी शपथ आहे तुम्हाला." मग पुन्हा हसून म्हणाले, "गंमत बघा, पंखेवाला आधी मीच होतो. आई नव्हती हिची. उकाड्यात वीज गेली की ही रडून घर डोक्यावर घ्यायची. मी वर्तमानपत्रानं वारा घालायचो आणि म्हणायचो, झालं, झालं, गेलं सगळं. नीज आता, मी आहे. तेवढं ऐकलं की झोपायची."

आतून पंखेवाली लंगडत चहा घेऊन आली. म्हातारा लगेच म्हणाला, "दमली असशील, बस." आणि ती माझ्याकडे बघून खिन्न हसली. तिला वाटत होतं बापाला लाज वाटते, बापाला वाटत होतं लेक खोटं बोलते, आणि दोघं एकमेकांना जपत दीड खोलीत गप्प बसले होते. दोन्ही बाजू ठाऊक असलेला मी एकटा, तोंडाला शपथेची पट्टी लावलेला. चहा कसा होता ते मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला गाठलं.

"साहेब, पंखेवालीला एक वाक्य द्या."

"का?"

"तीन वर्षं उभी आहे बिचारी."

"खांबही तीन वर्षं उभे आहेत," साहेब म्हणाले. "त्यांना देऊ वाक्य?"

"एक शब्द. नुसतं 'जी' म्हणू द्या."

"पंखेवाली 'जी' म्हणाली की लोक विचारतील ही कोण, हिचं पुढं काय. तू मला आवाज दे, शब्द मी बघतो." साहेब वाईट माणूस नाही, पण त्यांच्या मागं वाहिनीवाल्यांचा फोन सारखा वाजत असायचा. त्याच आठवड्यात बातमी आली की मालिका संपणार. राणी आता मरणार होती. राणी मेली की वारा कुणाला घालायचा? ती घरी बसणार, आणि म्हातारा जन्मभर समजणार की त्या मालिकेत आपली पोर नव्हतीच.

राणीच्या मृत्यूचा सीन शेवटच्या दिवशी घेतला. पलंगावर राणी, भोवती मंत्री, पायाशी सेनापती, उशाशी पंखेवाली. गॅरेजवाल्याला मी स्वतः जाऊन हात जोडले होते, त्यानं हातोडा खाली ठेवला. कबुतरंही त्या दिवशी शहाण्यासारखी वागली. राणीनं शेवटचं वाक्य म्हटलं, हात पलंगावरून खाली पडला, साहेब म्हणाले, "झकास."

आता आमच्या कामातली एक रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सीन संपला की मी त्या खोलीची शांतता भरून घेतो. हसू नका. प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते. तुकडे जोडताना मध्ये रिकामी फट राहिली तर ती कानाला टोचते, तिथं त्याच खोलीची शांतता भरावी लागते. कॅमेरा बंद असतो. सगळ्यांनी होते तिथं, होते तसे उभे राहायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. या वेळी कुणी शिंकला तरी मी त्याचे सात पिढ्यांचे पूर्वज काढतो.

"शांतता!" मी शेवटचं ओरडलो. सगळे थिजले. माझा माइक राणीच्या चेहऱ्यावर.

हेडफोनमधून मला आधी ऐकू आला श्वास, अडखळणारा. राणी, म्हणजे ती बाई, डोळे मिटून पडली होती आणि तिला हुंदका आवरत नव्हता. तीन वर्षं अंगावर वागवलेली राणी निघून चालली होती, रडू येणारच. ओठ आवळून ती नुसती थरथरत होती. पलीकडच्यांना काही दिसत नव्हतं. दिसत होतं फक्त उशाशी उभ्या असलेल्या एकीला.

आणि तीन वर्षांत एकदाही न चुकलेली बाई चुकली. सगळ्यांनी थांबायचं तेव्हा तिचा पंखा हलू लागला. ती किंचित वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "झालं, झालं. गेलं सगळं. नीज आता, मी आहे."

मी काठी तसूभरही हलू दिली नाही. राणीचा श्वास सावकाश खाली बसला.

पंखेवालीला मग भान आलं. तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. आता हा ओरडणार, आता हा माझी चामडी लोळवणार! साहेब लांब मॉनिटरच्या पडद्याजवळ होते, त्यांना काही पोचलं नव्हतं. "झाली शांतता?" त्यांनी विचारलं.

"झाली," मी म्हणालो. "ठीक आहे. उत्तम आहे."

दोन दिवसांनी तुकडे जोडणाऱ्या पोरानं मला बोलावून घेतलं. तो वैतागला होता. "अहो, तुमच्या शांततेत कुणीतरी बोलतंय. दुसरी द्या."

"दुसरी नाही."

"असं कसं? तुम्ही नेहमी दोन घेता."

"या वेळी नाही घेतली! काय करशील?"

आमची चांगलीच जुंपली. आवाज ऐकून साहेब आत आले. त्यांनी पोराला तो तुकडा लावायला सांगितला. चित्रात मेलेल्या राणीचा चेहरा, जवळून, कुणी रडत नाही, वाद्यं नाहीत, आणि कुठून तरी एक बाई म्हणतेय, नीज आता, मी आहे. साहेबांनी पुन्हा लावायला सांगितला.

"कुणाचा आवाज आहे हा?"

"खोलीचा, साहेब," मी म्हणालो.

साहेब माझ्याकडे बघत राहिले. एवढी वर्षं या धंद्यात काढलेला माणूस, त्याला काय कळत नाही? "तीन वर्षांत त्या राणीला कुणी 'नीज' म्हटलं नव्हतं," ते म्हणाले. "सगळे उठायलाच सांगत होते. राहू दे हे." आणि त्यांनी फोन बंद करून खिशात टाकला.

मी पंखेवालीला काही सांगितलं नाही. शेवटचा भाग होता त्या संध्याकाळी चार संत्री घेऊन तिच्या घरी गेलो. "निरोप घ्यायला आलो," म्हटलं. म्हातारा खिडकीशी, शेजारीण स्टुलावर, पंखेवाली खाटेच्या कडेला कपड्यांच्या घड्या घालत. तिला स्वतःला बघायला आवडायचं नाही. माझी तर छाती अशी धडधडत होती की वाटलं, आता आपल्यालाच पट्टी लावायला हवी.

शेजारणीला त्या दिवशी भारीच उत्साह. "राणी झोपलीय भावोजी. सेनापती आला. काय ते दागिने! तुमची लेक उशाशी आहे. आता राणी बोलतेय..."

"वहिनी, राणीचं मला ऐकू येतं," म्हातारा म्हणाला.

राणी बोलली. हात पडला. शेजारणीनं नाकाला पदर लावला. खोलीत एकदम शांत झालं, टीव्हीतही आणि बाहेरही. डेपोत घरघरणारी बससुद्धा नेमकी तेव्हाच बंद झाली.

"झालं, झालं. गेलं सगळं. नीज आता, मी आहे."

पंखेवालीच्या हातातली घडी तशीच राहिली. "अगं बाई! दादा, हे राहिलं कसं? हे तर मी... चुकून..."

म्हाताऱ्यानं हात वर केला आणि ती गप्प झाली. तो टीव्हीकडे कान लावून बसला होता, पण ते शब्द पुन्हा येणार नव्हते. नावांची पट्टी सुरू झाली, वाद्यं वाजायला लागली. मी खाली बघितलं. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, सांगायला कसली लाज?

मग म्हाताऱ्यानं चाचपत लेकीचा हात शोधला आणि विचारलं, "पंखा जड असतो का गं?"

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. तिला खरंच वाटेना की त्यांनी विचारलं. "नाही हो बाबा, तसा जड नाही," ती म्हणाली. आणि तिला रडूच फुटलं. "पण वर धरून धरून खांदा भरून येतो."

"कुठला?"

"उजवा."

म्हाताऱ्यानं तिचा उजवा खांदा हातात घेतला आणि चोळायला लागला. "पिसं कसली आहेत? खरी आहेत? आणि तू राणीच्या किती जवळ उभी असतेस? पाय दुखत नाहीत? बसायला देतात का मध्ये?" तीन वर्षांचं सगळं एकदम बाहेर येत होतं. ती रडत रडत एकेकाचं उत्तर देत होती, आणि एक संपायच्या आत त्यांचं दुसरं तयार.

शेजारणीनं उठून टीव्हीचा आवाज बंद केला. मी संत्री सोलत बसलो. बोललो मात्र काही नाही.